संघात नाही घेतलं, मग खेळायचंच नाही का?

आजचा विषय आपल्या पेण-रोह्याकडचाच आहे. दहावीत पोचेपर्यंत आपलं खेळणं का सुटतं?

आपल्या रायगडात कबड्डी कुणाला शिकवावी लागत नाही. भात कापून शेतं मोकळी झाली की गावोगाव सामने सुरू. लाइट लागतात, माइकवर कॉमेंट्री चालू होते, रात्री उशिरापर्यंत गर्दी हलत नाही. पण जरा मोजून बघा. एका संघाचे मैदानात सात जण, राखीव धरून बारा. आणि बघायला अख्खं गाव! त्या गर्दीत चौदा-पंधरा वर्षांची कितीतरी पोरं असतात, जी दोन वर्षांपूर्वी स्वतः खेळत होती.

म्हणजे खेळाची आवड कमी नाही. होतं काय, की आठवी-नववीनंतर खेळ फक्त 'चांगलं खेळणाऱ्यांचा' होतो. वजन बसत नाही, चढाई जमत नाही, मग तू बाहेर. शाळेतही तेच. दहावीचे वाढीव गुण स्पर्धेत पुढे जाणाऱ्यांना. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

मुलींचं तर अजून अवघड. घरातलं काम, मग क्लास, आणि अंधार पडायच्या आत घरी ये. २०१६च्या आकडेवारीवरून जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी काढलेला हिशोब सांगतो, की जगात ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. भारतातही साधारण चारातली तीन मुलं याच यादीत आहेत.

त्यात आपला पाऊस! जून ते सप्टेंबर मैदानात चिखल. हायवेवर गाड्यांची ये-जा एवढी, की घरचे सायकल देत नाहीत. मग विक्रम नाहीतर एसटी. पेणकडे याच दिवसांत गणपतीच्या कारखान्यांत घाई असते. माती मळणं, मूर्ती उचलणं यात अंग हलतं, पण रंगकामाला बसलं की तासन्‌तास एकाच जागी.

मग करायचं काय? शिफारस आहे दिवसाला सरासरी ६० मिनिटांची, दम लागेल अशा हालचालीची. ती एकदम करायची गरज नाही. क्लासला झपझप चालत गेलात, वीस मिनिटं. विहिरीवरून पाणी आणलंत, तेही धरा. गौरी-गणपतीत फुगडी, झिम्मा, बाल्या नाच. एक फुगडी घालून बघा, दम लागतो की नाही ते कळेल!

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. एकट्याने ठरवलेलं चार दिवस टिकतं. म्हणून संघात न घेतलेल्यांनीच आपला गट करा. पाच जण पुरे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, पावसात देवळाच्या सभामंडपात दोरीउड्या. मुलींनो, तुम्ही चौघी-पाच जणी मिळून निघालात तर घरूनही 'हो' म्हणणं सोपं जातं. नियम एकच: कोण किती चांगलं खेळतं हे मोजायचं नाही, कोण आलं नाही त्याला हाक मारायची.

आणि गावातल्या मंडळांना एक विनंती. स्पर्धेसाठी मैदान आखताच ना? मग आठवड्यातली एक संध्याकाळ ते सगळ्यांना द्या. निवड नाही, बक्षीस नाही. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, आणि तेव्हा लाइटही चालू ठेवा.

तुमच्या गावात अशी जागा कुठली आहे? व्हॉइस मेसेज करून सांगा. आणि हा भाग चालत चालत ऐकत असाल, तर आजची काही मिनिटं झालीसुद्धा! भेटू पुढच्या भागात.