वर्धक मात्रेचे मोजमाप



कोकणात मृगाआधी घर शाकारले जाते. सरकलेली कौले परततात, फुटलेली बदलतात. ‘गेल्या वर्षीच तर शाकारले होते, मग पुन्हा कशाला?’ असे मालवणच्या कुठल्याही वाडीत कोणी विचारीत नाही. करोनाच्या वर्धक मात्रेविषयी मात्र हा प्रश्न घरोघर विचारला गेला. दोन मात्रा घेऊनही आजार झालाच, मग तिसरीने काय साधणार? प्रश्न प्रामाणिक होता. म्हणूनच त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

लस घेतल्यावर रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. विषाणूला नाकाघशातच अडविण्याचे काम प्रामुख्याने त्यांचे. काही महिन्यांत त्यांचे प्रमाण उतरते. परंतु शत्रूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी शरीरात टिकून राहतात. संसर्ग झाला तरी त्या जाग्या होतात आणि तो फुप्फुसांपर्यंत विकोपाला जाण्याआधी प्रतिकार उभा करतात. वर्धक मात्रा या दोन्ही फळ्यांना उजाळा देते. पहिली फळी पुन्हा ढासळते, दुसरी दीर्घकाळ तग धरते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन अवतरला आणि त्याने पहिली फळी सहज ओलांडली. ब्रिटनमधील २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. आपल्याकडे जी लस कोव्हिशील्ड म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविली, तिच्याच दोन मात्रा घेतलेल्यांना तिथे फायझरची वर्धक मात्रा दिली गेली. लक्षणे असलेल्या आजारापासून मिळणारे संरक्षण दोन ते चार आठवड्यांत ६२.४ टक्के होते. दहा आठवड्यांनंतर ते ३९.६ टक्क्यांवर आले. रुग्णालयात दाखल होण्यापासूनचे संरक्षण मात्र याहून बरेच अधिक आणि अधिक टिकाऊ असल्याचे तिथल्याच आकडेवारीतून दिसले. पडवीत शिंतोडे आले, माजघर कोरडे राहिले, असाच याचा अर्थ.

भारतात १० जानेवारी २०२२ पासून आरोग्यसेवक, आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढील नागरिक यांना ही मात्रा देण्यास आरंभ झाला. त्या जुलैत दुसऱ्या मात्रेनंतरचे अंतर नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणले गेले आणि १५ जुलैपासून ७५ दिवस ती सर्व प्रौढांना मोफत मिळाली. याच अवधीत मालवणच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमा झाली आणि दोन वर्षांच्या निर्बंधांनंतर चाकरमानी मोकळेपणाने गणपतीला गावी आले. तरीही देशभरात दिलेल्या २२० कोटींहून अधिक मात्रांपैकी वर्धक मात्रा २२-२३ कोटींच्या घरातच राहिल्या. दोन मात्रा घेतलेल्या चौघांपैकी जेमतेम एकाने तिसरी घेतली.

यात सर्वाधिक काय पणाला लागते, हे कोकणाइतके कोणाला ठाऊक असणार? इथे कित्येक घरांत वृद्ध आईवडीलच मागे राहतात, मुले मुंबईला. सणाला भरल्या गाडीतून येणाऱ्या तरुणाला सर्दी-तापावर निभावणारा विषाणू सत्तरीच्या मधुमेही वडिलांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणूनच मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी वृद्ध आणि गंभीर सहव्याधी असलेल्यांना अग्रक्रम दिला. त्यांच्यासाठी सहा किंवा बारा महिन्यांनी पुन्हा मात्रा सुचविली. निरोगी तरुणांना वारंवार मात्रा देण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. कोणत्याही लसीचे विरळ दुष्परिणाम असतातच. लाभ मोठा असेल तिथेच ते पत्करणे शहाणपणाचे. सरसकट सक्ती आणि सरसकट नकार, दोन्ही सारखेच अविचारी.

५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित झाले. विषाणू मात्र संपला नाही. यापुढे वर्धक मात्रेचा प्रश्न येईल तेव्हा ‘घेतल्यावर आजार होणार नाही ना?’ असे विचारण्याऐवजी ‘घरातील वडीलधाऱ्यांना रुग्णालयाची पायरी चढावी लागण्याचा धोका किती घटेल?’ असे डॉक्टरांना विचारावे. लसीचे खरे मोल त्या उत्तरातच कळेल.