फळ्यावरचा हिशोब



ग्रामसेवकाच्या हाती माईक दिलात, म्हणजे आता कोरमचा प्रश्न आलाच! मघाशी चहाला एकाने विचारलं, ‘लोकांचा पंचायतीवर विश्वास का नसतो रे?’

माझ्या मते विश्वास कामाच्या आकारावर बसत नाही. कमान बांधा, सभामंडप बांधा, लोक विचारतात, ‘यात कुणी किती खाल्ले?’ विश्वास बसतो तो डोळ्यांदेखत मांडलेल्या हिशोबावर.

एका गावात पाणीपट्टी कायम थकलेली. नळाला दिवसाआड पाणी, मग भरायची कशाला? सरपंचताईंनी पंचायतीच्या भिंतीवर फळा लावला. मोटारीचं वीजबिल, टीसीएल पावडर, जमा, तूट. दर महिन्याला मी लिहायचो. खाली थकबाकीदारांची नावं. पहिलंच नाव एका पंचायत सदस्याचं! पुसा म्हणून निरोपावर निरोप आले. ताईंनी पुसू दिलं नाही. शेवटी त्याने पट्टी भरली आणि मागोमाग सगळी आळी पावत्या फाडायला आली. पाणी तेव्हाही दिवसाआडच येत होतं बरं का.

ग्रामसभेचंही तसंच. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असतील तेवढे हजर लागतात. नसतील तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! त्यामुळे पहिली सभा भरावी असं काहींना वाटतच नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे बंधारे सगळे बघतात. मला मोलाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, माणसांना-जनावरांना किती लागेल, शेतीला किती उरेल, हे ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. पाऊस कमी, तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. आकडा समोर असला की ‘नाही’सुद्धा लोक ऐकून घेतात.

तुम्ही पुण्या-मुंबईची मंडळी म्हणाल, आम्हाला कुठली चावडी? पण २००५च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ शहरालाही आहे. खर्चाची माहिती कुणी न मागता प्रसिद्ध करायची, असं त्यात लिहिलंय.

आणि गावी घर ठेवलेल्यांनो, पुढच्या वेळी घरपट्टीची पावती खिशात घालून थेट एसटी स्टँड गाठू नका. रोकडवही बघायला मागा. ग्रामसेवक कपाळाला आठ्या घालेल. घालू द्या. बसायला खुर्चीही मागून घ्या.