गोदामातील माल आणि कागदावरील किंमत



वसंतातील व्याख्यानमालेत आपण साहित्य, इतिहास, अध्यात्म असे विषय ऐकावयास येता. तेथे गोदामातील मालाच्या हिशेबासारखा रुक्ष विषय घेऊन एका कामगार कार्यकर्त्याने उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर पुष्कळ झाले. ताळेबंद वाचावयास आम्हांला कोणा पंतोजींनी शिकविले नाही. बोनसच्या वाटाघाटींनी शिकविले. त्या वाटाघाटींत एक गोष्ट आम्ही पक्की ओळखली. नफा जेथे सगळ्यांत सहज लपतो आणि सगळ्यांत सहज फुगतो, ती जागा म्हणजे वर्षअखेरीस शिल्लक राहिलेला माल.

आपला हा टापूच मालाचा आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ ही नावे घरोघरी झाली. पलीकडे भिवंडीची गोदामे आहेत. संध्याकाळच्या लोकलने ठाण्याला, डोंबिवलीला, कल्याणला उतरणाऱ्या गर्दीत कोणी स्टोअरकीपर असतो, कोणी हिशेबनीस, कोणी दुकानदार. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

पूर्वी स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला एक कार्ड टांगलेले असे. आला किती, गेला किती, राहिला किती, हे त्यावर पेन्सिलीने लिहीत. आज ते काम संगणक करतो. १९८६ साली सुरू झालेल्या कंपनीचे ‘टॅली’ तर वाण्याच्या दुकानापर्यंत पोहोचले आहे. त्यात एक बटण दाबले की साठ्याच्या मूल्यांकनाचे पत्रक समोर येते. मालाचे नाव, आरंभीची शिल्लक, आवक, जावक, अखेरची शिल्लक आणि प्रत्येकापुढे नग किंवा वजन, दर व किंमत. पत्रक इतके नीटनेटके असते की पाहणारा म्हणतो, आता शंका कसली? आमचे म्हणणे असे की खरी शंका येथेच सुरू व्हावी. नग मोजता येतात, वजन करता येते. पण दर हा मोजण्याचा नसून ठरविण्याचा विषय आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. एका वर्कशॉपने वर्षात तांब्याची तार तीनदा घेतली. दर वेळी १०० किलो. पहिल्यांदा ७०० रुपये दराने, मग ८०० ने, मग ९०० ने. एकूण ३०० किलो, २,४०,००० रुपयांची. त्यांतली २०० किलो कामात गेली, १०० किलो उरली. विक्री झाली २,००,००० ची. मजुरी व इतर खर्च २५,०००. आता नफा किती?

आधी आलेला माल आधी गेला असे धरले, तर उरलेली तार ९०० च्या दराची. खपलेली तार १,५०,००० ची ठरते आणि नफा २५,०००. सरासरी दर धरला, तर तो ८०० येतो; खपलेली तार १,६०,००० ची आणि नफा १५,०००. शेवटी आलेला माल आधी गेला असे धरले, तर उरलेली तार ७०० ची, खपलेली १,७०,००० ची आणि नफा अवघा ५,०००. तार तीच, कामगार तेच, गिऱ्हाईक तेच. बदलली फक्त रीत. आणि नफा पंचवीस हजारांवरून पाच हजारांवर आला!

म्हणून हिशेबशास्त्राने येथे कुंपण घातले आहे. आपल्या देशातील लेखा मानक क्रमांक २ सांगते की साठा त्याच्या खर्चाने किंवा विकून हाती येईल त्या निव्वळ रकमेने, दोहोंपैकी जी कमी असेल त्या किमतीने धरावा. ‘आधी आला आधी गेला’ किंवा भारित सरासरी या दोन रीती त्यास मान्य आहेत. ‘शेवटी आला आधी गेला’ ही रीत मान्य नाही. पण टॅलीसारख्या प्रोग्रॅममध्ये ती रीतही निवडावयास ठेवलेली असते. यंत्र कोणाला अडवीत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, आणि आडात जे ओतले असेल तेच पोहऱ्यात येणार.

मग हे पत्रक हाती आल्यावर पाहावे काय? पहिली गोष्ट, तारीख आणि रीत. मागील तारखेची नोंद घातली की तेच पत्रक उद्या निराळे दिसते. आणि गेल्या वर्षी एक रीत, यंदा दुसरी, असे असेल तर कारण विचारावे. दुसरी गोष्ट, उणे शिल्लक. गोदामात उणे दहा नग कधी राहू शकतात काय? बिल चढविण्यापूर्वीच माल दिल्याची नोंद झाली की असे घडते, आणि मग त्या ओळीतील दरावर भरवसा ठेवता येत नाही. तिसरी, दराविना पडलेला माल. चलनावर माल आला, बिल यावयाचे आहे, म्हणून किंमत शून्य. उलट, जॉबवर्कसाठी दुसऱ्याचा आलेला माल आपल्या साठ्यात धरलेला नाही ना, हेही पाहावे. चौथी, वर्षानुवर्षे न हललेला माल. तो जुन्याच किमतीने उभा असेल तर पत्रक फुगलेले आहे.

पाचवी गोष्ट आमच्या जिव्हाळ्याची. अर्धवट व तयार मालाच्या किमतीत केवळ कच्चा माल नसतो. त्यात मजुरीही धरावी लागते. म्हणजे गोदामात रचलेल्या प्रत्येक खोक्यात कामगाराचे श्रम किंमत होऊन बसलेले असतात. ती किंमत कमी धरली, तर कमी धरले गेले ते श्रमच.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येईल. यंदाची अखेरची शिल्लक हीच पुढील वर्षाची आरंभीची शिल्लक. यंदा साठा कमी दाखविला, तर दडलेला नफा पुढील वर्षी वर येणारच. मग नुकसान कोणाचे? आक्षेप खरा आहे, पण पुरता नाही. मधल्या काळात जो निवृत्त झाला, ज्याला काढून टाकले, त्याचा बोनस पुढील वर्षी कोण देणार? आणि दर वर्षी थोडे अधिक दडवीत गेले, तर ते पुढील वर्ष उजाडतच नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने ८.३३ टक्के ही किमान आणि २० टक्के ही कमाल मर्यादा घातली. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेत सामावला. मर्यादा त्याच राहिल्या. या दोन आकड्यांमधील अंतर नफ्यावर ठरते, आणि नफा आपण पाहिला तसा साठ्यावर.

हाच साठा बँकेकडे तारण असतो. बोनसच्या टेबलावर किरकोळ असलेला माल बँकेच्या पत्रकात भरगच्च झाल्याचे आम्ही पाहिले आहे. म्हणूनच मालतारणावर पाच कोटींहून अधिक खेळते भांडवल घेणाऱ्या कंपनीची बँकेला दिलेली तिमाही पत्रके तिच्या वह्यांशी जुळतात की नाही, हे लेखापरीक्षकाने सांगावे असे २०२० च्या आदेशाने ठरविले. कारखाना बुडाला तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे कामगारांची आधीच्या चोवीस महिन्यांची देणी, आपले तारण सोडून देणाऱ्या तारणधारकाच्या बरोबरीच्या रांगेत येतात. पण रांगेत पुढे उभे राहून उपयोग काय, जर कागदावरचा माल गोदामात नसेलच?

डोंबिवलीकरांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ हे दोन दिवस आपण विसरलेलो नाही. त्या स्फोटांची कारणे हा आजचा विषय नव्हे. पण साठ्याचे पत्रक केवळ पैशाचे नसते. कोणते रसायन, किती, कोठे, केव्हापासून उभे आहे, हेही ते सांगू शकते. हिशेबात किंमत शून्य झाली म्हणून पिंप रिकामे होत नाही.

तर आमचे मागणे तीन गोष्टींचे. वर्षअखेरीची मोजदाद प्रत्यक्ष व्हावी आणि तीत माल हाताळणारा कामगार असावा. कोणत्या कोपऱ्यात काय आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. मूल्यांकनाची रीत लेखी असावी आणि बदलली तर कारणासह सांगावी. आणि नोंदी बदलल्याचा माग पुसला जाऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असा माग ठेवणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. भागीदारीतल्या व एकट्याच्या मालकीच्या छोट्या कारखान्यांना ते बंधन नाही, आणि आपल्याकडे असे कारखाने पुष्कळ. त्यांनी हे आपण होऊन करावे. त्यात मालकाचेही हितच आहे. चोरी प्रथम त्याचीच होते.

आणि या सभेत जे हिशेबनीस बसले आहेत, त्यांना एवढेच विनवितो. आपण संगणकात जो दर लिहिता, त्यावर कोणाच्या तरी घरची दिवाळी ठरत असते. तो लिहिण्यापूर्वी एकदा गोदामात जाऊन यावे.