शिंगराच्या पोटातली वाट



चाकण, मोशी, चिखली, खेड. या पट्ट्यात कारखान्यांच्या कुंपणांना लागून अजून गोठे आहेत आणि काही गोठ्यांत बैलांशेजारी घोडीही बांधलेली असते. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी सुटली की गाड्यापुढे पळते ती हीच. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि घाट पुन्हा गजबजले. ज्या दावणीला घोडीसोबत शिंगरूही आहे, त्या घरासाठी आजचं हे बोलणं.

कधी कधी शिंगराच्या जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण होतात. आजारपण, जुलाब, ताण ही त्याची निमित्तं. व्रण खोल असेल तर तो भरताना तिथली जागा आकसते आणि जठरातून पुढं जाणारी वाट अरुंद होते, कधी पुरती बंद होते. काही आठवड्यांपासून सहाएक महिन्यांपर्यंतच्या शिंगरांत हे विशेष दिसतं. घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे प्यालेलं दूध आणि आम्ल जठरातच साचतं, वर अन्ननलिकेत चढतं आणि तिलाही जाळतं.

याची लक्षणं घरच्या माणसाला दिसतात. शिंगरू करकरा दात खातं. तोंडातून लाळ गळते. दोन घोट पिऊन ते बाजूला होतं, म्हणून घोडीची कास भरलेलीच राहते. ते उताणं पडून राहतं, पोट दुखतं, अंग धरत नाही. अशा वेळी घरात पडून असलेली वेदनाशामक गोळी कृपा करून देऊ नका. फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन यांसारखी औषधं जास्त झाली तर तीच व्रण करतात. डॉक्टर सांगतील तेवढीच द्यायची.

डॉक्टर नाकातून नळी घालून जठर रिकामं करतात, दुर्बिणीनं आतून पाहतात. बेरियम पाजून क्ष-किरण चित्र घेतलं की बेरियम जठरातच किती वेळ अडकून राहतं, हे कळतं. वाट थोडी उघडी असेल तर ओमेप्राझोल, सुक्राल्फेट अशा औषधांनी सुधारणा होऊ शकते. ती कायमची आकसली असेल तर मात्र शस्त्रक्रियाच.

चाकणच्या तळेगाव चौकात वाहनं तुंबली की आपण दुसरा रस्ता धरतो. शल्यविशारद तेच करतात. पूर्ण भूल देऊन, पोट उघडून, लहान आतड्याचा पुढचा भाग ते थेट जठराला जोडतात. आकसलेला भाग जागेवरच राहतो, दूध नव्या वाटेनं जातं. नंतरचे दिवस कसोटीचे असतात. सुरुवातीला शिरेतून पोषण, मग थोडं थोडं दूध. आतडी एकमेकांना चिकटण्याचा किंवा त्यांची हालचाल मंदावण्याचा धोका राहतो.

हे सारं करून हाती काय लागतं? अमेरिकेतल्या केंटकी राज्यात अशा ४० शिंगरांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एक वगळता सगळी शिंगरं रुग्णालयातून घरी गेली. पुढं ज्यांची माहिती मिळाली, त्यांतली सुमारे दोन तृतीयांश दोन वर्षांहून अधिक जगली. अडथळा आतड्यात होता किंवा आतडी चिकटली होती, तिथं यश कमी आलं. आजार जितका मुरतो, तितकी शस्त्रक्रिया अवघड होते, हे त्यातून मी शिकलो.

ही शस्त्रक्रिया गोठ्यात होत नाही. तिला भूलतज्ज्ञ लागतो, मोठ्या जनावरांचं शस्त्रक्रियागृह लागतं, चोवीस तास देखरेख लागते. खर्चही मोठा येतो. म्हणून शिंगरू दात खाताना दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. शिंगरू मोठ्या रुग्णालयात न्यायचं का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. घोडीला आपण घाटात पळवतो, तिच्या जिवावर मान मिळवतो. तिच्या पिलाच्या दुखण्याकडे वेळेवर पाहणं हे आपलं कर्तव्यच आहे.