पार्थिवाचे भान

(सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गिरगावात खाडिलकर मार्गावर केशवजी नाईक चाळी आहेत. १८९३ साली या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मुंबईतील हा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव मानला जातो. १९०१ साली लोकमान्य टिळकांनी या उत्सवाला भेट दिली होती. येथील मूर्ती शाडूची, जेमतेम दोन-अडीच फुटांची. विसर्जनाच्या दिवशी ती पालखीत बसून गिरगाव चौपाटीवर जाते. प्लेगची साथ येऊन गेली, दोन महायुद्धे झाली, स्वातंत्र्य मिळाले, संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला, मुंबई आडवी पसरून मग उभी वाढली. पण या मूर्तीची उंची वाढली नाही. भक्तांची गर्दी त्यामुळे कमी झाली, असेही कधी कोणी ऐकलेले नाही.

जागतिक तापमानवाढ, कर्बवायूचे उत्सर्जन, शाश्वत जीवनशैली हे शब्द हल्ली परिषदांमधून आणि वर्तमानपत्रांतून सतत कानी पडतात. सामान्य माणसाला वाटते, हा विषय सरकारचा आणि शास्त्रज्ञांचा. आपण एकट्याने दिवा मालवून काय होणार? ही शंका अगदीच चुकीची नाही. एकट्याचा संयम फार काळ टिकत नाही. जो संयम समाजाचा रिवाज बनतो, तोच पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. केशवजी नाईक चाळींत मूर्तीच्या उंचीवर दरवर्षी वाद घालावा लागत नाही, कारण तो प्रश्न तेथे रिवाजानेच सोडवलेला आहे. आजच्या विषयाचे सारे सार या एका उदाहरणात आहे.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला होणाऱ्या पूजनाला शास्त्रात 'पार्थिव गणेश पूजन' म्हणतात. पार्थिव म्हणजे पृथ्वीचे, मातीचे. मातीची मूर्ती घडवायची, तिच्यात प्राणप्रतिष्ठा करायची, उत्तरपूजेनंतर ती पाण्यात सोडायची आणि माती मातीला मिळू द्यायची, असा हा विधी आहे. जे निसर्गाकडून घेतले, ते त्याच रूपात त्याला परत करायचे, हा नियम पूर्वजांनी ग्रंथात बंद न ठेवता घराघरांतील वार्षिक आचारात बसवला. म्हणून पर्यावरणाचा विचार या उत्सवावर कोणी बाहेरून लादतो आहे, असे समजण्याचे कारण नाही. तो मुळातच त्यात आहे.

मध्य मुंबईचे जुने जीवनही याच वळणाचे होते. परळ-लालबागचा गिरणी कामगार पायी कामावर जाई. दहा बाय बाराच्या खोलीत विजेचा एखादा दिवा असे. गावाहून आलेले एकटे कामगार खानावळीत जेवत. म्हणजे एका चुलीवर अनेकांचा स्वयंपाक होई. जुने कपडे बोहारणीकडे जात आणि त्यांच्या बदल्यात भांडे येई. रद्दीचे पैसे होत, बाटल्या परत जात, थोरल्याची पुस्तके धाकट्याला मिळत. यात गरिबीचा भाग मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. हालअपेष्टांचे उदात्तीकरण कोणी करू नये. परंतु वाटून वापरण्याची आणि वस्तू शेवटपर्यंत वापरण्याची जी सवय त्या चाळींनी लावली, ती केवळ गरिबीची नव्हती. तो शेजारधर्म होता.

याच वस्तीने मोठे उत्सव उभे केले. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासूनचा, लालबागच्या गणेश गल्लीचा उत्सव १९२८ पासूनचा आणि लालबागचा राजा १९३४ पासूनचा. कामगार, कोळी बांधव, छोटे व्यापारी यांच्या वर्गणीतून ही मंडळे वाढली. रक्तदान, वैद्यकीय मदत, पुस्तकपेढी, पूरग्रस्तांसाठी धावून जाणे ही त्यांची कामे सर्वांना ठाऊक आहेत. पण याच काळात एक स्पर्धाही शिरली. शेजारच्या गल्लीची मूर्ती पंधरा फुटांची, तर आमची अठरा फुटांची! एवढी उंची शाडूला पेलत नाही. ती जड असते, वाळायला वेळ घेते, तडकते. मग प्लास्टर ऑफ पॅरिस आले.

हे प्लास्टर म्हणजे भाजलेले जिप्सम. भाजताना त्यातील बहुतेक पाणी उडून जाते. पाणी मिसळले की काही मिनिटांत ते पुन्हा घट्ट होते आणि साच्यातून मूर्ती झटपट निघते. मूर्तिकाराची सोय त्यात आहे, यात शंका नाही. परंतु एकदा घट्ट झालेले प्लास्टर पाण्यात महिनोन्‌महिने तसेच राहते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी गिरगावच्या किंवा दादरच्या चौपाटीवर जो गेला असेल, त्याला अधिक सांगायला नको. ज्या मूर्तीपुढे दहा दिवस हात जोडले, तिचे भग्न अवयव वाळूत पाहून कोणत्या श्रद्धावंताचे मन विषण्ण होणार नाही?

या प्रश्नावर गेली काही वर्षे कायद्याचा बराच ऊहापोह झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि मे २०२० मध्ये ती सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या तत्त्वांची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले. त्यानंतर डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगामार्फत अभ्यास झाला. जूनमध्ये अशा मूर्ती घडविण्यास वाट मोकळी झाली; नैसर्गिक जलाशयांत त्या सोडू नयेत, ही अट मात्र राहिली. जुलैत न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींसाठी कृत्रिम तलाव बंधनकारक ठेवले आणि त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत समुद्राची मुभा दिली. त्याच वर्षी राज्य शासनाने गणेशोत्सवाला महाराष्ट्राचा राज्य महोत्सव म्हणून घोषित केले. मुंबईत २०२५ साली अडीचशेहून अधिक कृत्रिम तलाव उभारले गेले.

न्यायालयाने मुभा दिली, म्हणून प्रश्न संपला का? मुभा म्हणजे विचार करण्यासाठी मिळालेला अवधी आहे. समाजाने आपल्या उत्सवाची मर्यादा आपणहून ठरवली नाही, तर ती दुसरा कोणी ठरवतो, आणि मग उत्सवाआधी न्यायालयाच्या तारखा मोजत बसावे लागते. उत्सव हिंदू समाजाचा आहे. त्याची शिस्तही त्याच समाजातून आली पाहिजे.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. एकाच मंडळाने उंची कमी केली, तर त्याला वाटते की गर्दी शेजारच्या मंडपात जाईल, वर्गणी आणि जाहिराती आटतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच हा निर्णय एकेकट्या मंडळाचा होऊ शकत नाही. तो विभागातील सर्व मंडळांनी मिळून घ्यावा लागेल. असे होऊ शकते, याचा पुरावाही समोर आहे. २०२० साली करोनाच्या संकटात शासनाने सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची आणि घरगुती मूर्तींना दोन फुटांची मर्यादा घातली. २०२१ सालीही ती कायम राहिली. लालबागच्या राजाच्या मंडळाने तर २०२० मध्ये उत्सवाऐवजी 'आरोग्योत्सव' करून रक्तदान आणि रक्तद्रवदानाचे कार्य हाती घेतले. त्या दोन वर्षांत कोणाची श्रद्धा उणावली? सर्वांनी एकदम उंची कमी केली, तेव्हा कोणीच लहान ठरले नाही. जे संकटाने करवून घेतले, ते समजून उमजून करता येणार नाही काय?

भव्यतेची हौस असलेल्यांसाठी पुण्याने वाट दाखवली आहे. तेथील श्रीमंत भाऊसाहेब रंगारी मंडळाची मूर्ती १८९२ पासून तीच आहे. दगडूशेठ हलवाई गणपतीची मुख्य मूर्तीही कायमची आहे. मोठी मूर्ती वर्षानुवर्षे जपायची आणि विसर्जन छोट्या मूर्तीचे करायचे, ही पद्धत मुंबईत सरसकट का रुजू नये? जेथे प्लास्टर टाळता येत नाही, तेथे पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला उपाय आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची घरगुती मूर्ती विरघळते. तळाशी खडूसारखे कॅल्शियम कार्बोनेट उरते आणि अमोनियम सल्फेट हे खत तयार होते. पुणे महापालिका यासाठीची पावडर नागरिकांना देत आली आहे.

मूर्तिकारांचा विचार न करता ही चर्चा पुरी होणार नाही. परळ-लालबागच्या मूर्तिशाळा आणि पेणचे कारखाने यांवर हजारो कुटुंबे जगतात. शाडूची माती गुजरातेतून येते. मूर्ती हाताने घडवावी लागते, पावसाळ्याच्या दमट हवेत वाळवावी लागते, जपून न्यावी लागते. याला जागा लागते आणि भांडवलही. श्रावणात मूर्तिकाराकडे जायचे आणि शाडूची मूर्ती प्लास्टरच्या भावात मागायची, हा पर्यावरणप्रेमाचा दांभिक प्रकार झाला. मूर्तीची मागणी पाडव्याला नोंदवावी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि दोन पैसे अधिक मोजावेत. जो समाज कारागिराला जगवतो, त्याचीच परंपरा जगते.

आता दिव्यांच्या रोषणाईचा साधा हिशेब पाहावा. समजा, एका मंडपात आणि गल्लीत मिळून पाचशे वॅटचे शंभर हॅलोजन दिवे रोज सहा तास, दहा दिवस जळले. वीज झाली तीन हजार युनिट. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. म्हणजे एका मंडपाचा वाटा झाला सुमारे दोन टन. तेवढाच उजेड एलईडी दिव्यांनी घेतला, तर वीज साधारण पाचव्या हिश्शावर येते. दीड टनाहून अधिक कर्बवायू वाचतो, आणि बिलातले पैसे पुस्तकपेढीला उरतात. मध्यरात्रीनंतर गल्लीतील माळा बंद केल्या, तर त्याहून अधिक. डिझेलचे जनित्र टाळता आले, तर धूर आणि आवाज दोन्ही वाचतात.

मखराचेही तसेच. राज्यात मार्च २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली. पण 'उत्सवी'चे नानासाहेब शेंडकर यांच्यासारख्या कलावंताने त्याच्या कितीतरी आधी थर्माकोल सोडून घडी घालून ठेवता येणारी पुठ्ठ्याची मखरे बनवायला घेतली होती. निर्मल्याचे खत होते, हेही आता नवे राहिलेले नाही. प्रश्न फक्त ते वेगळे ठेवण्याचा आहे. फुले, दूर्वा एका कलशात आणि दोरा, जरी, प्लास्टिकची पिशवी दुसरीकडे, एवढे घराच्या उंबरठ्यावर झाले, की पुढचे काम सोपे होते. हे काम माता-भगिनी आणि मुले जितके नेटके करतात, तितके कोणतेही खाते करू शकणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे चार गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. उत्सवाच्या चार महिने आधी विभागातील सर्व मंडळांची एक बैठक व्हावी आणि उंचीची मर्यादा एकमताने ठरावी. मंडळाच्या जमाखर्चात यंदा किती युनिट वीज लागली आणि किती निर्मल्य खताला गेले, हे दोन आकडेही छापावेत. मंडप आणि मखर दरवर्षी नवे न करता शेजारच्या मंडळांनी आलटून पालटून वापरावे. आणि दहा दिवसांसाठी उभी राहणारी ही कार्यकर्त्यांची फळी उरलेले वर्षभर ओला कचरा, जुने कपडे, पुस्तके आणि पावसाचे पाणी यांसाठी कामी यावी.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले. चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले, आणखीही राहतील. लोकांना चांगली घरे मिळावीत, यात दुमत नाही. पण मनोऱ्यात प्रत्येक दार बंद असते, प्रत्येक घरात स्वतंत्र यंत्रे असतात आणि शेजाऱ्याचे नाव पाटीवर वाचावे लागते. चाळीचा सामाईक व्हरांडा त्या इमारतीत नेता येणार नाही. सामाईकपणा मात्र नेता येईल, आणि तो नेण्याचे सामर्थ्य आज गणेशोत्सवाइतके दुसऱ्या कशातही नाही. चाळीतून मनोऱ्यात जाताना सामानाबरोबर दोन फुटांचा मातीचा गणपती आणि त्याच्यामागचा रिवाजही सोबत न्यावा, एवढीच आजची विनंती.

गणपती बाप्पा मोरया!