महामारीनंतरचे पर्यटन : केरळचा अनुभव



पर्यटन सावरले की नाही हे ठरविताना आपण प्रथम पर्यटकांची संख्या पाहतो. केरळच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. २०१९ मध्ये या राज्यात सुमारे १ कोटी ८४ लाख देशी आणि ११ लाख ८९ हजार विदेशी पर्यटक आले होते. कोविड-१९ मुळे २०२० मध्ये हे आकडे अनुक्रमे ५० लाख व ३ लाख ४० हजारांच्या आसपास उतरले. २०२३ मध्ये देशी पर्यटक २ कोटी १८ लाखांवर गेले. विदेशी मात्र साडेसहा लाखांपर्यंतच पोहोचले. पर्यटन परतले खरे, पण त्याचे स्वरूप पालटले होते.

आयुर्वेदिक उपचारांसाठी येणारा विदेशी पाहुणा दीर्घकाळ मुक्काम करतो. देशी कुटुंब बहुधा सुट्ट्या जोडून, स्वतःच्या मोटारीने मुन्नार वा वायनाड गाठते. या देशी प्रवाशांनीच पडत्या काळात व्यवसाय तगविला, हे विसरता येणार नाही. तथापि रस्ते, पाणी व कचरा यांवरील ताण त्यामुळे मोजक्या दिवसांत एकवटतो. शेजारच्या तामिळनाडूत तर मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून उटी व कोडाइकॅनलला जाणाऱ्या वाहनांना ई-पास सक्तीचा करावा लागला.

दुसरा प्रश्न उत्पन्नाचा. केरळने २००८ मध्ये चार ठिकाणी ‘जबाबदार पर्यटना’चा प्रयोग आरंभिला. वेंबनाड सरोवराकाठच्या कुमरकोम येथे हॉटेलांना लागणारा भाजीपाला ‘कुटुंबश्री’च्या महिला गटांकडून व स्थानिक शेतकऱ्यांकडून घेतला जाऊ लागला. २०१७ मध्ये यासाठी राज्यव्यापी अभियान स्थापन झाले. अशा रचनेचे मोल टाळेबंदीत ध्यानी येते. पाहुणे नसले की हाउसबोट काठाला बांधून ठेवावी लागते आणि तिच्या देखभालीचा खर्च चालूच राहतो. भाजीला निदान गावचा बाजार तरी असतो. पर्यटन हे जोडउत्पन्न असलेले घर आणि सर्वस्वी त्यावरच विसंबलेले घर यांत हा फरक आहे.

महामारीनंतर याच अभियानाने ‘स्ट्रीट’ प्रकल्पाद्वारे पर्यटकांना खेड्यांकडे वळविण्याचा प्रयत्न केला. कुमरकोमजवळचे ऐमनम (अरुंधती रॉय यांच्या कादंबरीमुळे अनेकांना परिचित असलेले गाव) आदर्श जबाबदार पर्यटन ग्राम म्हणून विकसित करण्यात आले. मात्र मुन्नारच्या घाटात एका दिवशी किती मोटारी सोडाव्यात, याचे उत्तर या प्रकल्पात नाही. ते पंचायत, वनखाते आणि जिल्हा प्रशासनाला एकत्र बसूनच शोधावे लागेल.