पहिलं पाऊल कोणी पाहिलं?

(३ जानेवारी रोजी अहिल्यानगर येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आज सावित्रीबाईंचा जन्मदिवस. सकाळपासून त्यांच्याविषयी इथे खूप बोललं गेलं, मी ते पुन्हा बोलत नाही. एवढीच आठवण करून देते की शिक्षिका होण्याचे धडे घ्यायला सावित्रीबाई आपल्या याच गावात आल्या होत्या, मिस फरार यांच्या शाळेत. महाराष्ट्रात आजचा दिवस बालिका दिन म्हणूनही पाळला जातो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या शाळांमधून आज मुलींनी नऊवारी नेसून, कपाळावर आडवं कुंकू रेखून भाषणं केली असतील. मी ज्या मुलींविषयी बोलणार आहे त्या तिथे नाहीत. त्यांची नावं हजेरीपटावर आहेत. त्या स्वतः फडावर आहेत. त्यांच्या आयाही या सभागृहात नाहीत, कारण हंगाम चालू आहे.

आयोजकांनी मला विषय दिलाय ‘कुटुंब आणि लहान मुलांची वाढ’. समाजकार्याच्या शिक्षणात हा विषय आम्ही पाठ केला होता. मूल तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरतं, मग पालथं पडतं, बसतं, रांगतं, धरून उभं राहतं, वर्षाच्या आगेमागे पाऊल टाकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली निरनिराळ्या देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ साधारण आठव्या महिन्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत दिला आहे. म्हणजे शेजारणीचं मूल दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं चौदाव्यात, तर रडत बसायचं कारण नाही. मला मुलगी झाली तेव्हा मी एक वही केली होती. पहिला दात, पहिला शब्द, सगळ्याच्या तारखा त्यात आहेत. फक्त पहिल्या पावलाची तारीख माझ्या अक्षरात नाही. मी एका शिबिराला गेले होते, ती नोंद सासूबाईंनी केली. त्या नोंदीकडे पाहिलं की मला अजून थोडं टोचतं. बाकी काही नाही. मूल मायेच्या माणसाजवळ होतं, पोट भरलेलं होतं, पायाखाली स्वच्छ फरशी होती.

मागच्या हंगामात, फेब्रुवारीत, आम्ही दोघीजणी नेवाशाकडच्या एका टोळीवर गेलो. पाथर्डी तालुक्यातली टायरगाडीवाली टोळी, बारा कोयते. जिल्ह्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, कोयता म्हणजे हत्यार नव्हे, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. त्या हिशेबात मुलाला आकडाच नाही. बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं असं मुकादम सांगतो. आम्ही कोप्यांमधून फिरून मोजली तेव्हा सहा वर्षांखालची मुलंच अकरा निघाली.

एका कोपीसमोर वर्षाचं मूल पाचटात खेळत होतं. मी तक्ता काढला आणि आईला विचारलं, चालायला कधी लागला? ती नुकतीच फडावरून आली होती, हातात पाण्याचा हंडा होता. तिने हंडा खाली ठेवला आणि नऊ वर्षांच्या पोरीकडे बोट केलं. म्हणाली, “हिला इचारा. आमी कुठं व्हतो तवा बघायला?”

आणि पोरीला सगळं ठाऊक होतं. दात कधी आला, जुलाब कधी झाले, कोणत्या कुत्र्याला भितो. पाऊल कधी टाकलं? “दुसऱ्या फडाला. गाडीच्या जुवाला धरून उभा राहिला, मग हात सोडला. चार पावलं आला आन् बसला.” आईला सांगितलंस का? “रातच्याला सांगितलं. पण मग परत करंनाच.”

माझ्या तक्त्यात पहिल्या पावलापुढे महिन्याचा चौकोन होता. तिथे ‘दुसरा फड’ कुठे लिहायचं? पण नीट ऐकलं तर या बायकांची स्वतःची दिनदर्शिका असते. गाडी निघाली तेव्हा रांगत होता, धुराडं पेटलं तेव्हा दात आले, आणि पट्टा पडेपर्यंत बोलायला लागेल. कारखान्याचा हंगाम आणि मुलाची वाढ एकाच दोरीला बांधलेली. दसरा-दिवाळीनंतर निघायचं आणि मार्च-एप्रिलात परतायचं. पाच-सहा महिने. पहिल्या दोन वर्षांत मूल जे जे शिकतं त्यातलं निम्मं गावाबाहेर, उघड्यावर शिकतं.

ते मूल गाव सोडताना आठ महिन्यांचं होतं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. कार्ड कुठे आहे म्हटलं, तर गावाकडे आजीच्या पेटीत. गावातल्या अंगणवाडीच्या वहीत त्याच्या नावापुढे नोव्हेंबरपासून वजनाची जागा रिकामी, आणि फडाजवळच्या अंगणवाडीत त्याचं नावच नाही. अंगणवाडीताईंना मी दोष देत नाही. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून आहे, ती उभी केली ती एका जागी राहणाऱ्या कुटुंबासाठी. आमची निम्मी कुटुंबं चाकावर.

आता त्या मुलीकडे येऊ. मला खरं तर तिच्याविषयीच बोलायचं आहे. मुलगा वाढतोय हे आपण पाहिलं. तो वाढावा म्हणून कोणाची वाढ थांबली? ती चौथीत होती. जून ते ऑक्टोबर शाळा. मग पहाटे आई साडेतीनला उठून भाकरी थापून फडावर जायची तेव्हापासून भाऊ हिच्या अंगावर. झोळीला झोका देणं, त्याला भाकरी दुधात किंवा नुसत्या पाण्यात कुस्करून भरवणं, उन्हं वर आली की त्याला कडेवर घेऊन आईकडे अंगावर पाजायला नेणं, पुन्हा आणणं. नऊ वर्षांच्या पोरीची कंबर केवढी असते? ती एका बाजूला कलून चालायची. मी विचारलं, पाठ दुखते का? म्हणाली, “डाव्या अंगाला सवय झाली.”

मी आईला विचारलं, हिच्या लहानपणीचं काय आठवतं? ती हसली. बराच वेळ काही आठवेना. मग कौतुकाने म्हणाली, सात वर्षांची असताना हिने पहिली भाकरी केली, गोल, टम्म फुगलेली. मुलाचं जावळ, मुलाचा दात, मुलाचं पाऊल. मुलीची भाकरी. मैत्रिणींनो, मला तिथे भाषण द्यावंसं वाटलं, पण मी गप्प बसले. त्या बाईने आपल्या आयुष्यात ज्या एका गोष्टीला किंमत मिळताना पाहिली, तीच तिने लेकीत शोधली. आणि खरं सांगा, आपल्या घरांतून ‘मुलगी हाताशी आली’ हे वाक्य आपण ऐकलेलं नाही का? मुलगा हाताशी आला म्हणजे कमवायला लागला. मुलगी हाताशी आली म्हणजे आठव्या-नवव्या वर्षी तिच्यावर घर टाकता येतं.

बाप कुठे होता असं तुम्ही विचाराल. बाप ऊस तोडत होता. संध्याकाळी तो मुलाला खांद्यावर घेऊन फिरवत होता, मी पाहिलं, आणि इतर गडी त्याची चेष्टा करत होते. पण चूल, पाणी, धुणं, मुलाचं हगणं-मुतणं यातलं काहीही त्याच्या वाट्याला नव्हतं. फडावर दोघांचं काम सारखं, कोपीत मात्र एकीचंच. हे तुम्हाला नवं नाही, म्हणून पुढे जाते.

मुलीला गावी का ठेवत नाही? हंगामी वसतिगृहं निघाली, त्याआधी १९९० च्या दशकात साखरशाळा झाल्या. २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. या सगळ्याचं स्वागतच आहे. पण वसतिगृहात शाळेच्या वयाचं मूल जातं, तान्हं जात नाही. तान्हं फडावर येणारच, ते आईच्या दुधावर आहे. आणि तान्ह्याला धरायला कोणीतरी लागणारच. म्हणून थोरल्या मुलीची वसतिगृहातली जागा रिकामी राहते. आपण मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न शाळेच्या दारात उभं राहून सोडवू पाहतो. त्याचं उत्तर तिच्या कडेवर आहे. पाळणाघर झालं तर ही मुलगी मोकळी होते.

पाळणाघर ही मागणी काही मी आज शोधून काढलेली नाही. १९४८ चा कारखाने कायदा झाला तेव्हाच त्यात लिहिलं होतं, पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्याच जिल्ह्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. सहकाराचा इतिहास या जिल्ह्याने लिहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण ऊसतोडणीची बाई त्या फाटकाच्या आत कधी आलीच नाही. कारखाना पैसे देतो वाहतूकदाराला, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम उचल देतो जोडीला. तुमची कामगार कोण, असं विचारलं तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी श्रमसंहिता लागू झाली, तिच्यातही पाळणाघर आहे, पन्नासहून जास्त कामगारांच्या आकड्याला बांधलेलं. टोळी केवढी? दहा-पंधरा कोयते, वीस-तीस माणसं. टोळी-टोळीने मोजलं तर आकडा कधीच भरणार नाही. कारखान्याच्या नावावर मोजलं तर हजारोंनी भरेल. भांडण इथे आहे, कोणाच्या नावावर मोजायचं.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. संघटनांनी लढून मिळवली, त्याचं मोल आहेच. तरी मला विचारावंसं वाटतं, टनाच्या बोलणीला बसणाऱ्या माणसांत किती जणींनी फडावर झोळी बांधली आहे?

आम्ही तिथे एक लहानसा प्रयोग केला. तो पूर्ण यशस्वी झाला असं सांगण्याचा मोह होतो, पण तसं झालं नाही. टोळीबरोबर एक म्हातारी आली होती, स्वैपाकापुरती. तिने आणि एका बाळंतिणीने मिळून अकरा मुलं सांभाळायची, असं ठरलं. मुकादम लगेच म्हणाला, बाई काढली तर कोयता अर्धा होतो, खाडा कोण भरणार? रास्त प्रश्न होता. त्याच्या तोंडून आला म्हणून आम्हाला राग आला, पण उत्तर आमच्याजवळ नव्हतं. मग बायकाच बसल्या. वाढे विकून रोजचे जे थोडे पैसे बायकांच्या हातात येतात, त्यातून प्रत्येकीने वाटा काढला, उरलेलं आम्ही घातलं. एक मोठी कोपी, खाली ताडपत्री, पिण्याच्या पाण्याचा झाकलेला पिंप, दोन झोळ्या. जवळच्या अंगणवाडीताईंनी स्वतःहून येऊन वजनं घेतली, गोवराची राहिलेली लस नर्सबाईंकडून देवविली. ती मुलगी आणि तिच्या वयाच्या आणखी दोघी वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसू लागल्या. गुरुजींनी दाखल्यावाचून बसू दिलं.

पाच आठवडे चाललं. मग म्हातारी तापाने पडली, तिच्या जागी यायला कोणी तयार होईना, पट्टा पडायला पंधरा दिवस उरले होते. पोरी पुन्हा कोपीवर आल्या. ती मला म्हणाली, “ताई, भागाकार राहिला.” तिला मी काय सांगायचं होतं?

त्या पाच आठवड्यांत काय कळलं ते सांगते. पैशाचा हिशेब अवघड नाही. अकरा मुलांमागे दोन बायकांची मजुरी, ती टनाच्या दरात कारखान्याने धरली तर एका टनावर फार थोडी पडते. अवघड आहे ते मूल सांभाळणं हे काम आहे असं मान्य करून घेणं. मुकादमाकडून तर हवंच, आपल्या संघटनांकडूनही. बायकांनी आधी हेच विचारलं होतं, “पोरं सांभाळायचे पैसे कशाचे?” पाच आठवड्यांनंतर हा प्रश्न त्यांनी सोडला, नवऱ्यांनी सोडला नाही.

दहा-बारा दिवसांवर संक्रांत आली. आपल्यापैकी बऱ्याच घरांत बोरन्हाण होईल. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे. माझ्या मुलीचंही झालं होतं. करवे वेचायला शेजारची पोरं धावली होती. तो ऊस कोणी तोडला हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. बोरन्हाण करू नका असं मी म्हणत नाही, मुलांचे लाड व्हायलाच हवेत.

या हंगामात तीच टोळी राहुरीच्या बाजूला उतरली आहे. या खेपेला दोन टोळ्या शेजारी आहेत, तेवीस कोयते, म्हणजे मुलं वीसच्या आसपास असतील. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आम्ही तिथे जाणार आहोत. ताडपत्री मिळाली आहे. जुन्या नऊवारी साड्या झोळ्यांसाठी हव्यात, झाकणाचा पिंप हवा, आणि महिन्यातून दोन दिवस तिथे बसू शकतील अशा चौघीजणी हव्यात. गाडीत सहा जागा आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावं.